शस्त्रापेक्षा विलंब घातक

मुंबईकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाडीला शेगाव, नांदुरा, मलकापूर या स्थानकांवर जी गर्दी चढते, तीत अधूनमधून एखादा माणूस असा असतो की, ज्याने उपरणे नाकाखालून गालावर घट्ट लपेटलेले असते. बरोबर भाऊ किंवा मुलगा असतो आणि त्याच्या हातात कागदपत्रांची पिशवी असते. शेजारचे प्रवासी न बोलता थोडे सरकून बसतात. कारण गालावरची गाठ उपरण्याने झाकली, तरी फुटलेल्या जखमेची दुर्गंधी झाकली जात नाही. हा माणूस परळच्या टाटा रुग्णालयात निघालेला असतो. सुमारे पाचशे किलोमीटरांचा हा प्रवास एका रात्रीत संपतो. त्याचा खरा प्रवास मात्र अनेक महिन्यांपूर्वी, तोंडात पहिला चट्टा उमटला तेव्हाच सुरू झालेला असतो आणि त्यातील बहुतेक काळ चालण्यात नव्हे, थांबण्यात गेलेला असतो.

मुखातील आणि जबड्यातील गाठींवर शस्त्रक्रिया हाच आजही मुख्य उपचार आहे. किरणोपचार आणि औषधे तिच्या जोडीला येतात, क्वचित तिची जागाही घेतात; परंतु मुखाचा कर्करोग बरा होण्याची सर्वांत मोठी आशा गाठ समूळ कापून काढण्यावरच अवलंबून असते. हे शास्त्र गेल्या पन्नास वर्षांत फार पुढे गेले आहे. तरीही बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातील रुग्णाला त्या प्रगतीचे फळ पुरते मिळत नाही. याचे कारण शल्यविशारदाच्या कौशल्यात शोधण्यापेक्षा रुग्ण त्याच्यापर्यंत केव्हा पोहोचतो, यात शोधावे लागेल. गाठ कोणी काढली याला जितके महत्त्व आहे, तितकेच, किंबहुना अधिक, ती केव्हा काढली याला आहे. ही गोष्ट जोवर गावच्या पारावर पोहोचत नाही, तोवर मोठी रुग्णालये उभारूनही मृत्यूंची संख्या फारशी घटणार नाही.

रोगाचा विस्तार लहान नाही. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात ओठ व मुखाच्या कर्करोगाचे वर्षाला सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळतात. २०१६-१७ च्या तंबाखूविषयक राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ तंबाखू चघळणारे किंवा अन्य प्रकारे धुराविना सेवन करणारे आढळले. ओढणारे केवळ ३.८ टक्के होते. म्हणजे या राज्याचे व्यसन प्रामुख्याने गालात धरण्याचे आहे आणि म्हणूनच या राज्याचा कर्करोगही बहुधा गालात, हिरडीत व जिभेच्या कडेला उद्भवतो. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली; पण चुना-तंबाखूची डबी आणि सुपारी यांची सवय कायद्याने सुटणारी नव्हती. केवळ सुपारीनेही तोंडाची आतली त्वचा ताठ होऊन तोंड उघडेनासे होते, याचे वर्णन मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ सालीच केले होते. सुपारी स्वतः कर्कजनक आहे, हा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. ज्या समाजात पानसुपारीशिवाय बैठक पुरी होत नाही, तेथे हा निष्कर्ष ऐकून घेणे जड जावे, हे साहजिक आहे.

लोखंडाची भीती

विलंबाची कारणे अनेक आहेत. पैसा नसणे, पेरणी किंवा वेचणी तोंडावर येणे, दुखत नाही म्हणून दुर्लक्ष करणे, ही त्यांतली उघड कारणे होत. पण या सर्वांच्या तळाशी एक समजूत आहे आणि ती वऱ्हाडातच नव्हे, साऱ्या महाराष्ट्रात ऐकू येते. गाठीला लोखंड लावू नये. लावले की रोग भडकतो. ही समजूत अडाण्यांचीच आहे, असे मानण्याचे कारण नाही. चांगले शिकलेले लोकही तपासणीसाठी तुकडा काढू देण्यास कचरतात आणि त्यातच महिना-दोन महिने घालवतात.

या समजुतीची टवाळी करून ती जाणार नाही. ती कशी निर्माण झाली हे पाहिले पाहिजे. गावात ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, त्यांतले बरेचजण वर्ष-दीड वर्षात गेले, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. त्यांचे निरीक्षण खरे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा खोटा आहे. ते रुग्ण शस्त्रामुळे गेले नाहीत. शस्त्र त्यांच्यापर्यंत पोहोचले तेव्हा रोग हाडात शिरला होता आणि मानेतील ग्रंथींत पसरला होता, म्हणून ते गेले. उशिरा केलेली शस्त्रक्रिया अपयशी ठरते, अपयश पाहून दुसरा रुग्ण भितो आणि भिऊन तोही उशीर करतो. हे चक्र वर्षानुवर्षे फिरते आहे. ज्याची गाठ वेळेवर निघाली, तो मात्र गावात मुकाट्याने आपल्या कामाला लागतो. त्याचे उदाहरण कोणी देत नाही. कारण त्याला काय झाले होते, हे पुष्कळदा कोणाला सांगितलेलेच नसते.

तपासणीसाठी तांदळाएवढा तुकडा काढल्याने मुखाचा कर्करोग पसरत नाही. उलट त्या तुकड्यावाचून उपचाराची दिशाच ठरत नाही. कारण जबड्यातील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. खालच्या जबड्याच्या मागील भागात, बहुधा तिशी-चाळिशीत, अमेलोब्लास्टोमा या नावाची एक गाठ उद्भवते. ती दात घडवणाऱ्या पेशींपासून निर्माण होते, वर्षानुवर्षे संथ वाढते, फारशी दुखत नाही आणि सहसा शरीरात अन्यत्र पसरत नाही. पण ती हाड आतून पोखरत जाते. नुसती खरवडून काढली तर पुष्कळदा पुन्हा उद्भवते. सभोवतालच्या थोड्या निरोगी हाडासह काढली तर रुग्ण बहुधा कायमचा बरा होतो. अशा रुग्णाने कर्करोग समजून हाय खाणे आणि कर्करोगाच्या रुग्णाने साधे उष्णतेचे फोड समजून निर्धास्त राहणे, हे दोन्ही अनर्थ एका छोट्या तुकड्याच्या तपासणीने टळतात. आणखी एक चूक वारंवार घडते. दात हलतो म्हणून तो उपटला जातो आणि मग जखम भरत नाही, अशी तक्रार सुरू होते. दात मुळात का हलत होता, हा प्रश्न आधी विचारला गेला असता, तर हिरडीतील गाठ तेव्हाच दिसली असती.

लहान जखम, मोठी जखम

शस्त्रक्रियेत नेमके काय करतात, हे कळले तरी अर्धी भीती कमी होईल. गाठ तिच्याभोवतीच्या सुमारे एक सेंटिमीटर निरोगी भागासह काढली जाते. कारण डोळ्यांना दिसणाऱ्या कडेपलीकडेही रोगाचे धागे गेलेले असू शकतात. काढलेल्या भागाच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. जिभेच्या कडेची अथवा गालाची गाठ वाटाण्याएवढी असताना हे काम तोंडातूनच होते आणि टाके घालून जखम मिटते. गाठ हिरडीला नुसती टेकलेली असेल, तर जबड्याचा वरचा काठ कापून खालचे हाड अखंड ठेवता येते. ती हाडात शिरली असेल, तर जबड्याचा तुकडाच काढावा लागतो. वरच्या जबड्याची गाठ काढल्यावर टाळूला पोकळी पडते. ती कवळीसारख्या पट्टीने बंद केली नाही, तर पाणी नाकातून येते आणि बोलणे कळत नाही.

मोठ्या गाठीनंतर उरलेला खड्डा भरून काढणे हे एक स्वतंत्र शास्त्रच झाले आहे. छातीच्या स्नायूचा त्वचेसह भाग, त्याची रक्तवाहिनी न तोडता, वर फिरवून गालात बसवण्याची पद्धत १९७९ पासून जगभर रूढ झाली. १९८९ पासून पायातील बारीक हाड रक्तवाहिन्यांसह काढून, त्याला जबड्याचा आकार देऊन, त्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली मानेतील वाहिन्यांशी जोडण्याची पद्धत प्रचारात आली. हे काम आठ-दहा तासही चालते. पायातील ते हाड गेल्याने माणूस लंगडा होत नाही. शरीराचा भार मुख्यतः दुसरे हाड वाहते.

जिवंत त्वचेचा भाग फिरवून चेहरा घडवण्याची कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. १७९२ च्या टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर असलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक शत्रूने कापले होते. पुढे पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या कुंभार समाजातील एका वैद्याने त्याच्या कपाळाची त्वचा खाली फिरवून त्याला नवे नाक करून दिले. त्याचा वृत्तांत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आला आणि तो वाचून तेथील शल्यविशारदांनी ती पद्धत उचलली. ज्या भूमीने शस्त्राने मोडलेला चेहरा शस्त्रानेच घडवून दाखवला, तिच्याच लेकरांनी लोखंडाला भ्यावे, हा इतिहासाचा विपर्यास म्हटला पाहिजे.

अर्थात शस्त्रक्रिया म्हणजे सोहळा नव्हे. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस नाकातील नळीने अन्न द्यावे लागते, गळ्यात श्वासासाठी नळी बसवावी लागते. पुष्कळांना त्यानंतर सुमारे सहा आठवडे किरणोपचार घ्यावा लागतो. तोंड आखडू नये म्हणून रोज व्यायाम करावा लागतो. भाकरी दुधात कुस्करून खावी लागते आणि फोनवर आपला आवाज घरच्यांना ओळखू येत नाही, याचे दुःख सोसावे लागते. ही किंमत लपवण्यात अर्थ नाही. परंतु तिचा बराचसा भाग शस्त्राने नव्हे, उशिराने वसूल केलेला असतो. वाटाण्याएवढ्या गाठीला वाटाण्याएवढीच जखम पुरते. लिंबाएवढ्या गाठीला जबडा द्यावा लागतो. विलंबाने आयुष्य जाते हे लोकांना निदान ऐकून तरी ठाऊक असते; विलंबाने चेहराही जातो, हे कोणी सांगत नाही.

आणि शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य नाममात्रच असते, हेही खरे नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्या वरच्या जबड्याचा डावा भाग १ जुलै १८९३ रोजी एका मित्राच्या नौकेवर अत्यंत गुप्तपणे काढण्यात आला. रबराची पट्टी बसवून ते पूर्ववत भाषणे करू लागले आणि आणखी पंधरा वर्षे जगले. शस्त्रक्रियेची हकीकत त्यांच्या मृत्यूनंतर १९१७ साली उघड झाली. महाराष्ट्रात तर याहून जवळचे उदाहरण आहे. शरद पवार यांच्यावर २००४ साली मुखाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ ते राजकारणात वावरले आणि तंबाखू-सुपारीपासून दूर राहण्याचा सल्ला त्यांनी जाहीर व्यासपीठांवरून दिला. क्लीव्हलंड यांनी रोग लपवला, पवारांनी तो सांगितला. समाजाला उपयोग सांगण्याचा होतो.

परळचा निष्कर्ष

वेळेचे मोल किती, याचा सर्वांत भक्कम पुरावा महाराष्ट्रातच तयार झाला आहे. मुखाचा कर्करोग प्रथम पसरतो तो मानेतील ग्रंथींत. तोंडातील गाठ लहान असून मान चाचपताना काही लागत नसेल, तर मानेतील ग्रंथीही त्याच वेळी काढाव्यात की त्यांत गाठ दिसेपर्यंत थांबावे, यावर जगभरचे शल्यविशारद अनेक दशके वाद घालत होते. थांबण्याच्या बाजूने असलेला युक्तिवाद गैर नव्हता. ज्यांच्या मानेत रोग नाही, त्यांना विनाकारण मोठी जखम का करावी, असा तो होता.

टाटा रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात या वादाचा निर्णय प्रयोगाने लावला. आरंभीच्या अवस्थेतील रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करण्यात आले. पहिल्या पाचशे रुग्णांचे निष्कर्ष २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ग्रंथी सुरुवातीलाच काढलेल्या गटात तीन वर्षांनंतर ८० टक्के रुग्ण हयात होते. थांबलेल्या गटात ६७.५ टक्के. दोन्ही गटांतील शल्यविशारद तेच, रुग्णालय तेच, रोगाची अवस्था तीच. फरक होता तो केवळ वेळेचा. परळच्या या उत्तराने जगभरची उपचारपद्धती बदलली.

हा निष्कर्ष बुलढाण्याच्या शेतकऱ्याला आणखी एका कारणाने लागू पडतो. थांबून पाहण्याचे धोरण तेव्हाच सुरक्षित ठरते, जेव्हा रुग्ण ठरल्या दिवशी तपासणीला परत येतो. पाचशे किलोमीटरांवरून येणारा, कापूस वेचणीला आलेला असताना गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब करणारा माणूस दर महिन्याला परत येईलच, असे मानणे व्यवहाराला धरून नाही. ज्या तंत्रज्ञ डॉक्टरांना थांबणे परवडले नाही, ते ज्याला काहीच परवडत नाही त्याला कसे परवडेल?

अंतर कमी करण्याची जबाबदारी

मग करायचे काय? पहिले पाऊल अत्यंत स्वस्त आहे. केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन केवळ उजेडात लोकांची तोंडे पाहिली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तंबाखू किंवा मद्याची सवय असणाऱ्यांमध्ये मुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटले. त्याला यंत्र लागले नाही. डोळे आणि बॅटरी लागली. तीस वर्षांवरील प्रत्येकाचे तोंड पाच वर्षांतून एकदा तपासावे, असे राष्ट्रीय कार्यक्रमातही २०१६ पासून नमूद आहे. कागदावरचा हा नियम मोताळा, संग्रामपूर, लोणार यांसारख्या तालुक्यांतील प्रत्येक उपकेंद्रात पाळला जावा, ही मागणी अवाजवी नाही.

दुसरे पाऊल जिल्ह्यातच उचलता येण्याजोगे आहे. बुलढाण्याला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. नव्या संस्थेची घडण होत असताना मुख व जबड्याच्या शल्यचिकित्सेला तेथे दुय्यम स्थान मिळता कामा नये. सर्वच मोठ्या शस्त्रक्रिया तेथे व्हाव्यात, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. त्यासाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूरची रुग्णालये आणि परळ आहेच. पण तुकड्याची तपासणी, लहान गाठींवरील शस्त्रक्रिया आणि शस्त्रक्रियेनंतरची नियमित तपासणी जिल्ह्यात होऊ लागली, तर अर्ध्याहून अधिक खेपा वाचतील. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे, रेल्वेत रुग्णाला व सोबत्याला भाड्यात सवलत आहे, दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा परगावच्या रुग्णांना आसरा देते. सोयी नाहीत असे नाही. त्या ठाऊक नसतात, ही अडचण आहे.

आणि येथेच शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांचे काम सुरू होते. योजनेसाठी शिधापत्रिका आणि ओळखपत्र लागते. नावातील एका अक्षराच्या चुकीसाठी रुग्णाला ‘पुढच्या आठवड्यात या’ असे सांगितले, तर तो आठवडा रोगाच्या खात्यावर जमा होतो, हे टेबलामागे बसलेल्याने ध्यानात ठेवावे. शिक्षकाने वर्गात तंबाखूचे दुष्परिणाम शिकवून मधल्या सुट्टीत डबी उघडू नये, हे सांगण्याची वेळ येऊ नये, पण येते. त्याने मुलांना एवढेच शिकवले तरी पुष्कळ आहे की, पंधरा दिवसांत बरी न होणारी जखम, न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तीन बोटे उभी मावणार नाहीत इतके आखडलेले तोंड, कारणाशिवाय हलू लागलेला दात आणि मानेत लागणारी गाठ, यांपैकी काहीही घरात कोणाला असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. घरी आरसा असतोच आणि आजोबांना ‘आ करा’ म्हणण्याचे धैर्य नातवाइतके दुसऱ्या कोणापाशी नसते.

मुंबईची गाडी रोजच्या वेळी येईल आणि उपरणे गालावर घेतलेला कोणीतरी तीत उद्याही चढेल. रेल्वेने घेतलेली रात्र वाचवता येणार नाही. तिच्याआधी घरात बसून काढलेले सहा महिने मात्र वाचवता येतील. ते वाचले, तर त्याच माणसाला उपरणे खांद्यावर ठेवून, उघड्या तोंडाने सहप्रवाशांशी बोलत, त्याच गाडीने गावी परतता येईल.